रणगाड्यांच्या टीचर

खोली भाड्याने मागायला गेलो तेव्हा टीचरनी मला नाव, गाव, पगार यांतलं काहीच विचारलं नाही. त्यांनी मला चपला काढायला लावल्या आणि नुकतंच पाणी सोडलेल्या भाजीच्या वाफ्यातून चालायला लावलं.

"नीट चाल. चोरासारखा नको."

मी चाललो. मागे वळून बघतो तर साठी ओलांडलेली ती बारीक बाई फुलाफुलांचा फ्रॉक गुडघ्यांत सावरून उकिडवी बसली होती आणि विणायची सुई माझ्या टाचेच्या ठशात खुपसून खोली मोजत होती.

"बघ," त्या म्हणाल्या, "चालताना तुझा सगळा भार क्षणभर एका टाचेवर येतो. आता पाच टनांचा रणगाडा याच वाफ्यातून गेला असता तर? बोल, जास्त रुतला असता की कमी?"

"जास्तच की."

"कमी! त्याचा भार दोन लांब पट्ट्यांवर पसरलेला असतो. जमिनीला तुझा जेवढा त्रास होतो ना, तेवढा त्याचा होत नाही." सुई फ्रॉकला पुसून त्या उठल्या. "मागची खोली घे. नळाला पाणी सकाळी येतं."

मी मूळचा सांगलीकडचा. टेलिफोन खात्यात नुकता लागलो होतो आणि बदली वसईला झाली होती. नव्वदीची ती सुरुवातीची वर्षं. नव्या बिल्डिंगा उठत होत्या आणि प्रत्येक फ्लॅटवाल्याला आधी फोन हवा होता, त्यामुळे दिवसभर खांब, तारा आणि तक्रारी. संध्याकाळी दमून यायचो, तर टीचर ओट्यावर वाट बघत असायच्या. मला वाटायचं, एकटी बाई आहे, गप्पांना माणूस हवं असेल. तसं काही नव्हतं. त्यांना ऐकणारा हवा होता, आणि तोही एकाच विषयावर. पहिलं महायुद्ध संपल्यापासून दुसरं सुरू होईपर्यंत जगभरच्या घोडदळांनी घोडे सोडून हलके रणगाडे कसे आणि का घेतले, हा तो विषय. त्याच्या आधीचं त्यांना फारसं माहीत नव्हतं. नंतरचं ऐकायची इच्छा नव्हती.

आयुष्यभर त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं. लग्न केलं नाही. अख्खं गाव त्यांना 'टीचर' म्हणायचं आणि चर्चमध्ये फादरसुद्धा त्यांच्याशी जरा जपूनच बोलायचे. त्यांच्या पुढच्या खोलीत कोपऱ्यात मदर मेरीची तसबीर आणि तिच्यापुढे दिवा. बाकी सगळी खोली रणगाड्यांची होती. बिस्किटांच्या डब्यांचे पत्रे कापून, डाग देऊन त्यांनी ते स्वतः केले होते. पट्टे जुन्या सायकलच्या साखळ्यांचे, स्प्रिंगा बॉलपेनमधल्या. मोठ्या टेबलावर चौकट ठोकून तिच्यात राजोडीच्या किनाऱ्यावरची वाळू भरली होती. दोऱ्याने ओढत त्या एकेक गाडी वाळूच्या टेकाडांवरून न्यायच्या आणि मला वाकून, डोळा वाळूच्या पातळीला आणून बघायला लावायच्या.

"हा सुरुवातीचा. दोन माणसांचा डबा. एक चालवणार, त्याच्या कुशीला इंजिन, उन्हाळ्यात नुसता भाजून निघायचा. दुसऱ्याने मशिनगन मारायची, बाहेर बघायचं, हुकूमही द्यायचा. एकटा माणूस किती कामं करील? म्हणून मग हा बघ, तीन माणसांचा."

"आणि हा का उड्या मारतोय?"

"कारण पळायला लागला! हळू चालणाऱ्या गाडीला स्प्रिंग कशीही चालते. घोड्याच्या वेगाने पळायचं तर पाय घोड्यासारखे हवेत. वीस वर्षं सगळे त्याच्याच मागे होते. माणसाची कवटी आपटून फुटू नये आणि पट्टा वळणावर निसटू नये, बस्स." मग त्या एक विलायती गाडी उचलायच्या. "याची गंमत ऐक. उताराला लागला की याला डावीकडे वळवायला जावं तर उजवीकडे वळायचा. थेट आमच्या हेडमास्तरांसारखा."

हसताना त्या तोंडावर हात धरत. त्यांच्या बोटांवर डाग देताना भाजल्याचे काळे ठिपके कायमचे बसले होते.

एक गोष्ट त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या आणि दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारख्या खुलायच्या. अमेरिकेत कायदा झाला होता की रणगाडे फक्त पायदळाचे. घोडदळाला हवे तर होते, पण मागायची सोय नव्हती. मग त्यांनी रणगाडाच केला आणि त्याला नाव दिलं 'लढाऊ मोटार'. फ्रान्समध्ये तीच अडचण, तिथे तो झाला 'मशिनगनवाली मोटार'. जपानी घोडदळानेही आपल्या रणगाड्याला 'चिलखती मोटार' म्हटलं.

"तीन देश, तीन भाषा, आणि लबाडी एकच!" टीचर टाळी वाजवायच्या. "लक्षात ठेव. अडवणारा माणूस बहुतेक वेळा नावाला अडवतो. नाव बदल, काम होऊ दे."

ही नुसती बोलायची गोष्ट नव्हती, ते मला पुष्पाकडून कळलं. पुष्पा पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली. रोज सकाळी मासळीची टोपली घेऊन टीचरच्या दारात यायची. कधीकाळी ती त्यांच्याच वर्गात होती. एकदा टीचर आत पैसे आणायला गेल्या तेव्हा ती मला म्हणाली, "तुला माहीत हाय का, आमच्या येळेला पोरींना फुटबॉल बंद होता. मैदान फकस्त पोरांचं. टीचर गेली हेडमास्तराकडं. बोलली, कोनाचं प्रात्यक्षिक घ्यायचंय, गनिताच्या तासाला पोरी बाहेर नेनार. त्यानं सही केली."

"मग?"

"मग काय? वर्सभर किनाऱ्यावर चेंडू हानला आम्ही. किती कोनात मारला की किती लांब जातो ते मोजायचं, आनि मोजून झालं की दोन बाजू पाडायच्या." टोपली डोक्यावर घेत ती मोठ्या अभिमानाने म्हणाली, "आम्ही फुटबॉल कदी नाय खेळलो. आम्ही गनित खेळलो."

मला टीचरचं कौतुक वाटायचं, पण त्या वेळपर्यंत ते कौतुक एखाद्या छंदिष्ट म्हातारीचं वाटावं तसंच होतं. ते बदललं एका डिसेंबरच्या सकाळी.

सुट्टीचा दिवस होता. मी आणि टीचर पाचूबंदरला पुष्पाच्या घरी निघालो होतो. तिच्या पुतणीचं लग्न ठरत होतं आणि टीचरशिवाय त्या घरात काही ठरत नसे. धक्क्याच्या अलीकडे रस्त्याला गर्दी दिसली. वसईत तेव्हा अजून टांगे होते. रशीदभाईचा टांगा रस्त्याच्या कडेला उलटा पडला होता, एक चाक अजून हलकेच फिरत होतं. मागून आलेल्या डंपरने हॉर्न वाजवला, घोडी बुजली, टांगा कलंडला, दांडा मोडला आणि ती सुटून थेट खाडीच्या चिखलात शिरली होती. ओहोटी होती. काठापासून बऱ्याच अंतरावर ती पोटापर्यंत रुतून उभी होती. जितकी धडपडायची तितकी खाली जायची. डोळे पांढरे झाले होते.

रशीदभाई काठावर गुडघ्यांवर बसला होता. "चांदनी, हिल मत बेटा, हिल मत," एवढंच म्हणत होता. कोळीवाड्यातल्या माणसांनी तिच्या मानेत दोर टाकला होता आणि आठ-दहा जण ओढायच्या बेतात होते. एक म्हातारा कोळी पाण्याकडे बघून म्हणाला, "भरती लागली. येळ नाय आता."

टीचर गर्दीतून पुढे गेल्या. त्यांचा आवाज एवढा मोठा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"दोर सोडा! मान उपटून हातात येईल आणि घोडी तिथेच राहील!"

माणसं थबकली. त्यातल्या निम्म्यांना त्यांनी पाढे शिकवले होते.

"चिखलाची चूक नाही. तिचा सगळा भार चार खुरांवर आहे. तो पसरला पाहिजे. फळ्या आणा. होडीच्या, कसल्याही. नसतील तर दारं आणा."

"कसली दारं, टीचर?"

"घराची! घराला दार नसलं तर आज काय बिघडतं?"

पुष्पा सगळ्यांत आधी पळाली. ती आणि तिचा भाऊ आले तेव्हा दोघांच्या डोक्यावर त्यांच्या घराचं पुढचं दार होतं, बिजागऱ्यांसकट उचकटलेलं, वर तांबड्या रंगात ओम काढलेला. मग दुसरं दार आलं, तिसरं आलं. एका दारावर येशूचं चित्र चिकटवलेलं होतं. होडीच्या फळ्या आल्या, मासळी वाळवायचे बांबू आले, गोणपाटं आली. टीचर हाताने दाखवत होत्या आणि माणसं काठापासून घोडीपर्यंत एकापुढे एक दारं टाकत होती. बघता बघता चिखलावर रस्ता झाला. दारांचा रस्ता.

त्यावरून घोडीपर्यंत कोण जाणार, हा प्रश्न कोणी विचारायच्या आत टीचर शेवटच्या दारावर पालथ्या पडलेल्या होत्या. फ्रॉक चिखलात लोळत होता. मी मागच्या दारावर पालथा पडून त्यांचे पाय धरले होते, म्हणून पुढचं सगळं मला ऐकू आलं. त्या घोडीच्या कानाशी हिंदुस्तानीत बोलत होत्या, फौजेतले लोक बोलतात तशा. "थम जा, बेटी. थम. शाबाश. कोई नहीं मारेगा. कोई नहीं मारेगा." मी त्यांच्यासोबत दोन वर्षं राहत होतो, पण हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. सातआठ वर्षांच्या मुलीचा होता तो.

घोडी थरथरत होती, पण धडपड थांबली. मग टीचरनी बांबू मागितला. तिच्या पुढच्या पायाच्या कडेने तो चिखलात खाली घातला, गोल फिरवला आणि त्या भोकात पाणी ओतायला लावलं. बादल्या हातोहात पुढे येत होत्या. "चिखल पाय चोखून धरतो. आत पाणी गेलं की सोडतो," त्या धापा टाकत म्हणाल्या. एक पाय ढिला झाला, मग दुसरा. दोर त्यांनी पुढच्या पायांच्या मागून, छातीभोवती घ्यायला लावला. कुशीखाली गोणपाट सरकवलं.

"आता हिला उभी नाही करायची. आडवी करायची. दारावर आडवी. हळू!"

पंधरा-वीस माणसांनी धीम्या लयीत, जाळं ओढतात तसा, तो दोर ओढला. चिखलातून एक मोठा आवाज झाला आणि चांदनी कुशीवर येऊन दारावर पडली. मग त्या दारावरून पुढच्या, पुढच्यावरून त्याच्या पुढच्या, अशी ती घसरत घसरत काठाला आली. काही वेळ तशीच पडून राहिली. मग पुढचे पाय रोवून, एक झटका देऊन उभी राहिली आणि तिने जोरात अंग झाडलं. आम्ही सगळे चिखलाने न्हालो. कोणी हसलं, मग सगळेच हसायला लागले. रशीदभाई मात्र तिच्या गळ्यात पडून रडत होता.

"टीचर, आपने तो..." तो टीचरकडे वळून म्हणाला.

"रड नंतर. आधी तिला पुसून काढ. अंगावर कोरडं गोणपाट टाक आणि चालव, उभी ठेवू नकोस."

एव्हाना खाडीचं पाणी चढलं होतं. जिथे घोडी रुतली होती तिथे लाटा येऊ लागल्या. दारं सुटून पाण्यावर तरंगत होती आणि बायामाणसं कंबरभर पाण्यात उतरून आपापलं दार ओळखून घरी नेत होती. मी आजवर अनेक मोठ्या गोष्टी बघितल्या, पण त्या सकाळी काठावर उभं राहून मला जे वाटलं ते पुन्हा कधी वाटलं नाही. बिस्किटांच्या डब्यांशी खेळणाऱ्या एका बाईने, जगाने कधीच मोडीत काढलेल्या गाड्यांमधून शिकलेलं, एका जिवंत जनावराखाली अंथरलं होतं.

घरी आल्यावर विहिरीवर अंग धुवून त्या ओट्यावर बसल्या. मी चहा करून दिला. मग त्यांनी आपण होऊन सांगितलं.

त्यांचे वडील उत्तरेकडच्या एका छावणीत, घोडदळाच्या रिसाल्यात, सलोत्री होते. म्हणजे घोड्यांचे वैद्य. वसईतून तिकडे जाणारं त्यांचंच घर पहिलं. टीचर तिथेच वाढल्या, पागेत. मग एका वर्षी हुकूम आला की या रिसाल्याला आता हलके रणगाडे मिळणार. तरणे घोडे दुसरीकडे पाठवायचे. जे म्हातारे, जे लंगडे, त्यांना गोळी. कोणत्या घोड्याला काय, हे ठरवायचं काम सलोत्र्याचं.

"बाबा खडूने खूण करायचे. ज्यांना त्यांनी रात्र-रात्र जागून बरं केलं होतं, त्यांच्याच पुठ्ठ्यावर. मी बरोबर असायची. मी विचारायचे, बाबा, ही कसली खूण? ते म्हणायचे, ही सुट्टीची." त्यांनी कप खाली ठेवला. "त्यांतला एकही मला वाचवता आला नाही. म्हणून मग मी विचार करत बसले, की ज्याच्यासाठी हे केलं तो रणगाडा होता तरी काय. मला वाटलं होतं, घोड्याचा वैरी असेल. पण जेवढं वाचलं तेवढं उलटंच दिसत गेलं. घोडेस्वारांना घोडा सोडवतच नव्हता रे. म्हणून त्यांनी लोखंडाचा घोडा करायला घेतला. हलका, चपळ, पातळ कातडीचा. पायदळाचे रणगाडे बघ, जाड, ठोंबे. यांनी मुद्दाम पातळ ठेवला, पळता यावा म्हणून. तेवढ्या पातळ पत्र्याने तोफेचा गोळा अडत नाही, हे पुढे कळलं. खऱ्या लढाईत."

त्यानंतर दोनेक वर्षांनी नगरला रणगाड्यांचं संग्रहालय झाल्याचं मी ऐकलं. टीचरना सांगितलं तर त्या पत्रा कापत राहिल्या. आठवडाभर विषय काढला नाही. मग एका रविवारी पहाटे तयार होऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. डोक्याला रुमाल, हातात पिशवी.

"चल. बघून येऊ."

दुपारी पोचलो. झाडांखाली मोठमोठे रणगाडे रांगेने उभे होते. टीचरनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. सरळ चालत त्या एका छोट्याशा गाडीपुढे थांबल्या. मी चकित झालो. आयुष्यभर ज्याचा ध्यास घेतला तो हा? माझ्या डोक्यापेक्षा थोडासाच उंच. बाजूच्या भल्या मोठ्या धुडांमध्ये एखादं शिंगरू उभं असावं तसा.

टीचर त्याच्या पत्र्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एक स्वार होता. विशीतला. मला खांद्यावर घेऊन पागेत फिरवायचा. त्याच्या घोड्यावर बाबांनी खूण केली त्या दिवशी तो गवतात तोंड खुपसून रडला. आणि थोड्याच दिवसांनी याच्यात बसून आमच्या घरासमोरून गेला. हसत. मला हात करत. मी हात केला नाही. पुन्हा त्याच्याशी बोललेच नाही. मग युद्ध लागलं आणि तो वाळवंटात लढायला गेला. आला नाही."

तिथला सुभेदार दुरून आमच्याकडे बघत होता. जवळ येऊन त्याने विचारपूस केली. वडील रिसाल्यात सलोत्री होते हे ऐकल्यावर तो एकदम ताठ झाला. टीचर त्याला म्हणाल्या, "मला आत बसायचंय."

"मॅडम, परवानगी नाही."

"बसत नाही. तपासणी करते."

सुभेदार हसला. इकडेतिकडे बघून त्याने किल्ली आणली आणि झाकणाचं कुलूप काढलं. आम्ही दोघांनी आधार दिला. पासष्टीला टेकलेल्या टीचर वरून आत उतरल्या, चालकाच्या जागेकडे सरकल्या आणि दिसेनाशा झाल्या. मी घाबरून वाकलो.

"टीचर? ठीक आहात ना?"

आतून आवाज आला. पत्र्याला आपटून आलेला, लांबचा.

"इथून काही दिसत नाही रे."

सुभेदार खाली मान घालून म्हणाला, "झाकणं बंद केली की एवढीशी फट असते समोर. बाकी अंधार."

"रिसाल्याचं काम लढणं नव्हतं," आतून त्या बोलत होत्या, आमच्याशी की कोणाशी कोण जाणे. "पुढे जायचं, बघायचं, परत येऊन सांगायचं. घोड्यावर बसलं की सगळं शिवार दिसायचं. आणि त्या स्वाराला बसवलं इथे. पोराला लढाईत काही दिसलंच नसेल."

बाहेर आल्या तेव्हा फ्रॉकला गंज लागला होता आणि चेहरा शांत होता. सुभेदाराने सलाम केला. त्यांनीही केला, अगदी बरोबर, लहानपणी बघितला असेल तसा.

परतीच्या एसटीत मी त्यांना खिडकी दिली. मला वाटलं, दमल्यात, झोपतील. आळेफाटा गेला, माळशेजचा घाट जवळ आला तरी त्या जाग्या. वाऱ्याने रुमाल सुटला तो त्यांनी पुन्हा बांधला नाही. काच पूर्ण सरकवून, मान बाहेर काढून त्या बघत होत्या, आणि हळू आवाजात, एकेक करून सांगत होत्या.

"उजव्या हाताला ज्वारी. कापलेली. मेंढरं, बरीच. मागे कुत्रा. पुढे पूल आहे, पाणी कमी. पुलावर एक बाई, डोक्यावर पाटी, एकटी. डावीकडे डोंगर. वाट मोकळी आहे. पुढे वळण."

कंडक्टरने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी त्याला हाताने गप्प राहायला सांगितलं. टीचर बोलत राहिल्या, उजेड होता तोवर.